आयटम नंबर ३७ : कुळाच्या जमिनीसाठी दिल्लीपर्यंत जाऊन आल्यावर

आमच्या गावात भांडण कसलंही असो, बांध कोरल्याचं किंवा पाटाचं पाणी फोडल्याचं, शेवटी कोणीतरी म्हणतंच, "सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन, पण सोडणार न्हाई." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण खरोखर तिथवर गेलेला एकही माणूस आमच्या पंचक्रोशीत नव्हता. त्यामुळे २०१९ साली ती वेळ आमच्यावर आली, तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. यंदा मार्चमध्ये, म्हणजे २०२५ साली, सगळं एकदाचं उरकलं. कागदांची ट्रंक अजून पलंगाखालीच आहे, तोवर लिहून टाकते.

जमीन एक एकर बावीस गुंठे, सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. आजोबा तिथे कूळ, म्हणजे खंड (भाडं) भरून दुसऱ्याची जमीन कसणारे. सातबाऱ्यावर १९४८च्या आधीपासून त्यांचं नाव. कुळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ला, म्हणजे कृषक दिनाला, कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. आमचे आजोबा मात्र झाले नाहीत, कारण मालकीणबाई विधवा होत्या. विधवा, अल्पवयीन आणि अपंग मालकांच्या बाबतीत कायद्याच्या कलम ३२-फ नुसार कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जातो. मालकीणबाईंचा हक्क संपला की त्यांच्या वारसांना एक वर्ष, आणि ते संपलं की कुळाला एक वर्ष. त्या वर्षात कुळाने "मला जमीन घ्यायची आहे" असं लेखी कळवायचं.

मालकीणबाई पुण्यात १९७४ साली वारल्या. आम्हाला कोणी कळवलं नाही. आजोबा दरवर्षी मनिऑर्डरने खंड पाठवत राहिले आणि पलीकडून कोणीतरी सही करून तो घेतही राहिलं. १९७७ साली मनिऑर्डर परत आली, तीवर पोस्टमनचा शेरा होता : "मयत". तोवर दोन्ही वर्षं उलटून गेली होती.

पुढे काही वर्षं कोणीच हललं नाही. मग जमिनीला भाव आला आणि १९९८ साली वारस हलले. तहसीलदारांकडे आम्ही हरलो (२००३), प्रांतांकडे जिंकलो (२००६), महसूल न्यायाधिकरणात पुन्हा हरलो (२०१०). मग मुंबई उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम २२७ खाली रिट याचिका, आणि तिचा निकाल २२ जानेवारी २०१९ला. तीही हरलो.

ते निकालपत्र माझ्या धाकट्या दिरांनी मला वाचून समजावलं. त्यातला एक परिच्छेद मला तेव्हा फार लागला होता. न्यायमूर्तींनी लिहिलं होतं की कुळाला मालकिणीच्या मृत्यूची माहितीच नव्हती हा मुद्दा सहानुभूतीचा आहे, पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९च्या एका निकालाप्रमाणे मुदतीत कळवलं नाही तर कुळाचा हक्क जातो, आणि तो निकाल या न्यायालयावर बंधनकारक आहे. मी दिरांना म्हटलं, "म्हणजे त्यांना पटलंय, तरी हरवलं?" ते म्हणाले, "वहिनी, राज्यघटनेचं कलम १४१. सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या कोर्टांना पाळावा लागतो. न्यायमूर्तींना पटणं न पटणं पुढचं." आप्पा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा ७७ वर्षांचे. ते ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "मग ज्यांनी सांगितलंय, त्यांनाच जाऊन इचारायचं का?"

आमच्या पुढच्या सहा वर्षांचा सगळा मतलब त्या एका प्रश्नात होता. तो कळायला मला फार वेळ लागला.

आधी पैसे गेले, मग अक्कल आली

उच्च न्यायालयाच्या निकालापासून ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं. आमची मुदत २२ एप्रिलला संपत होती. फेब्रुवारीभर आम्ही एका ओळखीच्या माणसाने सुचवलेल्या दिल्लीतल्या वकिलाच्या मागे होतो. नाव सांगत नाही. २५,००० रुपये पाठवले, कागद पाठवले, आणि रोज "हो जाएगा" ऐकत राहिलो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याच्या आमच्या वकीलसाहेबांनी विचारलं, "ते एओआर आहेत का?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

तर हे आधी समजून घ्या. काळा कोट घातलेला प्रत्येक वकील सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दाखल करू शकत नाही. त्यासाठी न्यायालय स्वतः एक परीक्षा घेतं. ती पास होऊन नोंदणी झालेल्या वकिलाला ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड, म्हणजेच एओआर, म्हणतात. वकीलपत्र त्याच्याच नावाचं लागतं आणि याचिका त्याच्याच सहीने जाते. युक्तिवाद दुसरा वकील करू शकतो, पण दारातून आत नेणारा हाच. यादी न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहे, नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. आम्ही ती दोन मिनिटं २५,००० देऊन झाल्यावर खर्च केली. दुसरी खूण डायरी नंबर. याचिका दाखल झाली की लगेच डायरी नंबर मिळतो. वकील "फाइल झालंय" म्हणाला आणि डायरी नंबर देत नसेल, तर झालेलं नाही.

साताऱ्याच्या वकीलसाहेबांनीच मग एका मराठी वकीलबाईंचा नंबर दिला. त्या एओआर होत्या. फोनवर पहिल्यांदा बोलताना मी सगळी कहाणी सांगायला लागले : मनिऑर्डर, मयत, आजोबांचे हाल. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, ही तुमची पाचवी पायरी आहे असं समजू नका. तिथे अपील करायचा तुम्हाला हक्क नाही. अपील करायची परवानगी मागायची आहे."

तेव्हा पहिल्यांदा कळलं की विशेष अनुमती याचिका म्हणजे काय. कलम १३६ खाली सर्वोच्च न्यायालय देशातल्या जवळपास कुठल्याही न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध अपिलाची परवानगी देऊ शकतं. पण द्यायलाच हवी असं नाही. हे अधिकार जपूनच वापरायचे, असं त्या न्यायालयाने सुरू झालं त्याच वर्षी, १९५० साली, एका फौजदारी प्रकरणात म्हणून ठेवलंय. खालच्या कोर्टाने पुरावा नीट वाचला नाही, साक्षीदार खोटं बोलला, असल्या तक्रारींवर तिथे सहसा कोणी मान वर करून बघत नाही. कायद्याचा असा प्रश्न हवा की ज्याचं उत्तर तुमच्यापुरतं नसेल.

गावातल्या एका पुढाऱ्याने मधेच सल्ला दिला होता, "थेट रिट टाका, बत्तीसाव्या कलमाखाली." मॅडम हसल्या. राज्यघटनेचं कलम ३२ मूलभूत हक्कांसाठी आहे. कूळ आणि मालक यांच्या वादाला तो दरवाजा नाही.

आमच्या सुदैवाने प्रश्न होता. मॅडमनी दोन दिवसांनी फोन केला. मालकिणीच्या मृत्यूची खबर वारसांनी कुळाला दिलीच नाही, तरीही मुदत संपली म्हणून कुळाचा हक्क जातो का, हाच मुद्दा दुसऱ्या एका कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे होता. "आपल्याला फक्त वेळेत रांगेत उभं राहायचंय," त्या म्हणाल्या. मी त्यांना दोनदा विचारलं, "म्हणजे आमचं कोणी ऐकणार नाही?" त्या म्हणाल्या, "ऐकतील. पण त्यांचं आधी."

'कूळ' म्हणजे 'क्लॅन'

मार्च सगळा भाषांतरात गेला. सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे प्रत्येक मराठी कागदाचं इंग्रजी लागतं. सातबारे, फेरफार, तहसीलदारांचा निकाल, प्रांतांचा निकाल, मनिऑर्डरच्या पावत्या. १९३९चं एक कबुलायतपत्र मोडीत होतं, ते आधी पुण्यात मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडून देवनागरीत करून घेतलं (२,४०० रुपये), मग इंग्रजीत.

बाकीचं भाषांतर स्वस्तात पडावं म्हणून आम्ही एका टायपिंगवाल्याला दिलं. ते आलं तेव्हा सातबाऱ्यावरचं "साधे कूळ" तिथे "सिंपल क्लॅन" झालं होतं. "खंड रोख रु. १२" याचं "कॉन्टिनेंट कॅश ट्वेल्व्ह". पीकपाहणीतल्या "पड" या शब्दापुढे त्याने "फॉलन" लिहिलं होतं. आम्ही रात्री जेवताना हसून हसून लोळलो. आप्पांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "बारा रुपये खंड हाय त्यो," म्हणाले.

शेवटी महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका अव्वल कारकुनांनी ते सगळं नव्याने केलं. १८,६०० रुपये झाले, पण शब्दन् शब्द बरोबर. जमिनीच्या कागदांचं भाषांतर जमिनीचे कागद वाचलेल्या माणसाकडूनच करून घ्या, इंग्रजी किती चांगलं ते नंतर बघा. अशा खासगी भाषांतरासोबत "अधिकृत भाषांतर सादर करण्यातून सूट द्यावी" असा एक छोटा अर्जही जोडावा लागतो. तो वकील करतात, पण आठवण करा.

याचिकेत सगळ्यात पुढे येतो सारांश आणि तारीखवार घटनाक्रम. मॅडमचं म्हणणं, न्यायाधीश पहिल्यांदा तेच वाचतात, काही वेळा तेवढंच. त्या घटनाक्रमासाठी आम्ही घरात तीन रात्री बसलो. १९७४ ते १९७७ या काळातल्या कुठल्या मनिऑर्डरवर कोणाची सही आहे हे आप्पांना तोंडपाठ होतं, पण पावत्या चारच सापडल्या. "जेवढ्या पावत्या, तेवढंच लिहायचं," मॅडमनी बजावलं. प्रतिज्ञापत्रावर आप्पांनी कोरेगावला नोटरीपुढे सही केली. सहीच्या आधी त्यांनी सगळं मराठीत वाचून दाखवायला लावलं. नोटरी कंटाळले होते, पण थांबले.

१५ एप्रिल २०१९ला याचिका दाखल झाली, मुदतीच्या सात दिवस आधी. संध्याकाळी डायरी नंबर मोबाइलवर आला, आणि मी तो कॅलेंडरच्या मागे पेनने लिहून ठेवला. वेडेपणाच, पण तीन महिन्यांतली ती पहिली हातात आलेली गोष्ट होती.

मग डिफेक्ट. रजिस्ट्री प्रत्येक याचिका तपासते आणि चुकांची यादी काढते. आमच्या नऊ निघाल्या : तीन पानं अस्पष्ट म्हणून नव्याने टाइप करा, एका जोडपत्राचे पानक्रमांक चुकले, वकीलपत्रावर एका ठिकाणी अंगठ्याची साक्ष नाही, असल्या. घाबरू नका, हे सगळ्यांचं होतं. २८ दिवसांत दुरुस्त करून द्यायचं असतं. आमचं मेच्या पहिल्या आठवड्यात झालं आणि लगेच न्यायालयाची उन्हाळी सुट्टी लागली, ती थेट जूनअखेरपर्यंत.

चार मिनिटं

पहिली तारीख शुक्रवार, १२ जुलै २०१९. नव्या याचिका सोमवारी आणि शुक्रवारी लागतात, त्या दिवशी एकेका पीठापुढे पन्नास-साठ प्रकरणं असतात. मॅडम म्हणाल्या होत्या, यायची गरज नाही. आप्पा म्हणाले, "मी जानार." मग साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेसने मी, आप्पा आणि दीर निघालो. निजामुद्दीनला उतरलो, पहाडगंजात लॉज घेतला, १,४०० रुपये दिवसाला.

सकाळी प्रगती मैदान मेट्रो स्थानकावर उतरलो. आता त्या स्थानकाचं नावच सुप्रीम कोर्ट आहे. समोरच्या रस्त्याची पाटी दिरांनी आप्पांना दाखवली : टिळक मार्ग. आप्पांनी थांबून पाटीला हात जोडले. मागच्या माणसाला वाटलं असेल, हे कोर्टालाच नमस्कार करतायत. दिरांनी आणखी एक सांगितलं, ते मलाही माहीत नव्हतं : १९५८ साली उघडलेली ही इमारत गणेश भिकाजी देवळालीकर या मराठी वास्तुविशारदाने उभी केली आहे, आराखडा तराजूच्या आकाराचा. मधला घुमट म्हणजे दांडी, दोन्ही बाजूंच्या इमारती म्हणजे पारडी. जमिनीवर उभं राहून यातलं काही दिसत नाही. आप्पांना फक्त पायऱ्या दिसल्या. त्यांचे गुडघे दुखत होते.

प्रवेशपत्र मॅडमच्या कारकुनाने आधी काढून ठेवलं होतं. ओळखपत्र दाखवायचं, फोटो काढतात, आणि पास त्या दिवसापुरता, त्या कोर्टापुरता मिळतो. हल्ली हे 'सुस्वागतम्' या संकेतस्थळावरून घरबसल्या करता येतं, ती सोय २०२३ साली सुरू झाली. मोबाइल बाहेर ठेवून टोकन घेतलं. आधारकार्ड मूळच न्या, झेरॉक्सवर आमच्या पुढच्या माणसाला परत पाठवलं.

आमचा आयटम नंबर ३७. कोर्टाबाहेर फलकावर चालू नंबर दिसतो. साडेदहाला सुरू झालं, अकराला १४ वर होतं. मागच्या रांगेत आम्ही उभे. दोन न्यायाधीश, समोर काळ्या कोटांची दाटी. एकेक प्रकरण दोन-तीन मिनिटांत संपत होतं, आणि बहुतेकांचा शेवट एकाच शब्दाने होत होता : "डिसमिस्ड". तो शब्द आप्पांना कळत होता. तिसाव्या आयटमपर्यंत त्यांनी माझा दंड धरला होता.

त्या शब्दाबद्दल मॅडमनी आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं, ते उपयोगी आहे म्हणून लिहिते. कारणं न देता याचिका फेटाळली, तर त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने खालचा निकाल बरोबर ठरवला असा होत नाही. फक्त परवानगी नाकारली, एवढाच होतो. हे २००० सालच्या एका निकालात स्पष्ट केलेलं आहे. फेटाळल्यावर ३० दिवसांत पुनर्विलोकन मागता येतं, पण ते न्यायाधीश आपल्या दालनात कागदावरच बघतात, वकील उभा राहत नाही.

३७ पुकारला गेला बारा वाजून काही मिनिटांनी. मॅडम दोन वाक्यं बोलल्या. डावीकडच्या न्यायमूर्तींनी एक प्रश्न विचारला, त्यात मला फक्त "विडो" ऐकू आलं. मॅडमनी तीन न्यायाधीशांपुढच्या प्रकरणाचा नंबर सांगितला. न्यायमूर्ती एकमेकांकडे झुकले. "इश्यू नोटीस. स्टेटस को." पुढचा नंबर पुकारलाही गेला होता.

बाहेर आल्यावर मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं. एकवीस वर्षांच्या भांडणाला चार मिनिटं, म्हणून मला रडू येत होतं. मॅडम मात्र खूश होत्या. नोटीस निघाली म्हणजे याचिका दारातच परत गेली नाही, आणि जैसे थे म्हणजे तोवर जमिनीवरून आम्हाला कोणी हलवू शकत नाही. आप्पांना मी ते समजावलं. ते म्हणाले, "म्हंजी यंदाची ज्वारी आपुनच काढायची." कोर्टाच्या आदेशाचं याहून नेमकं भाषांतर त्या ट्रंकेत दुसरं नाही.

त्या वर्षीच ऑगस्टमध्ये न्यायाधीशांची मंजूर संख्या सरन्यायाधीशांसह ३१ वरून ३४ झाली. देशभरातून येणाऱ्या कागदांसमोर चौतीस माणसं. त्या दिवशीच्या फलकावरचे नंबर आठवले की चार मिनिटांचा राग थोडा कमी होतो. पूर्ण जात नाही.

दुसऱ्याच्या प्रकरणात आमचा निकाल

१८ सप्टेंबर २०१९, बुधवार. मी बँकेत काउंटरवर होते. दिरांचा मेसेज आला : "झालं." न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्यासह तीन न्यायाधीशांच्या पीठाने ठरवलं होतं की विधवा मालकिणीचा हक्क संपल्याची खबर कुळाला देणं हे तिच्या वारसाचं काम आहे. ज्याला कळवलंच नाही, त्या कुळाने मुदतीत अर्ज केला नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. १९९९चा तो निकाल, ज्याने उच्च न्यायालयाचे हात बांधले होते, तो चुकीचा ठरला.

ते कुटुंब मी कधी पाहिलं नाही. त्यांचा वकील कोण, त्यांची जमीन किती, काही माहीत नाही. पण त्या दिवशी त्यांच्या घरात जे झालं, तेच आमच्या घरात झालं. संध्याकाळी आप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आपला नंबर कुटं आला अजून?" आणि बरोबरच होतं. कायदा बदलला तरी आमच्या प्रकरणातला आदेश तसाच उभा होता. तो कोणीतरी रद्द करायला हवा होता.

त्याला पुढे पावणेतीन वर्षं लागली. समोर सहा वारस, त्यांना नोटीस पोचायला हवी. दस्ती मागून घेतली, म्हणजे नोटीस आपणच हातोहात नेऊन द्यायची आणि तसं प्रतिज्ञापत्र करायचं. पुणे, ठाणे, नाशिक असे दिरांनी हेलपाटे घातले. पाचांना पोचली. सहावे गृहस्थ १९ जानेवारी २०२०ला वारले. मग त्यांच्या वारसांना रेकॉर्डवर आणायचा अर्ज, त्याला ९० दिवसांची मुदत, आणि मार्चमध्ये टाळेबंदी. वारसांची नावं गोळा करायला घराबाहेर पडता येईना. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून आदेश काढून देशभरातल्या सगळ्या मुदती थांबवल्या. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ शेवटी मोजलाच गेला नाही. आमची मुदत १८ एप्रिलला संपत होती. त्या एका आदेशाने किती घरं वाचली असतील ते माहीत नाही, आमचं एक.

टाळेबंदीतल्या दोन सुनावण्या रजिस्ट्रारपुढे व्हिडिओवर झाल्या. त्यातल्या एकीत मॅडमचा आवाज गेला आणि तारीख पडली. हा भाग एवढाच.

१५ जुलै २०२२ला पुन्हा शुक्रवार, पुन्हा तीच गाडी. या वेळी आप्पा आले नाहीत. समोरच्या वकिलांनी मुद्दा काढला की मालकीणबाई वारल्याचं त्यांच्या पुतण्याने १९७४ सालीच गावात येऊन तोंडी सांगितलं होतं, त्यामुळे नवा निकाल आम्हाला लागूच होत नाही. हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. माझ्या तोंडून मोठ्याने "खोटं!" निघालं, शेजारच्या शिपायाने बोट ओठांवर ठेवलं. न्यायमूर्ती शांतपणे म्हणाले की हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, तो इथे सोडवणार नाही. परवानगी दिली, त्यामुळे याचिकेचं दिवाणी अपील झालं. अपील मंजूर केलं, उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला आणि २०१९चा निकाल लक्षात घेऊन नव्याने निर्णय घ्या म्हणून प्रकरण परत मुंबईला पाठवलं. जैसे थे कायम. सहा-सात मिनिटं.

जिंकलो की नाही, हे मला परतीच्या गाडीत भोपाळ येईपर्यंत ठरवता आलं नाही. दीर म्हणत होते जिंकलो. मी आप्पांना फोनवर सांगितलं, "पुन्हा हायकोर्टात." पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "बरं. तिथला रस्ता म्हाईत हाय."

नऊशे सत्तर रुपये

उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या बाजूने निकाल दिला. पुतण्याने तोंडी सांगितल्याचा एकही कागद २००३ पासूनच्या रेकॉर्डवर नव्हता, तिथेच तो मुद्दा संपला. आम्ही लगेच सर्वोच्च न्यायालयात कॅव्हेट टाकलं, म्हणजे समोरचे तिथे गेलेच तर आम्हाला ऐकल्याशिवाय काही व्हायचं नाही. ते ९० दिवस टिकतं. कोणी गेलं नाही.

मग परत तहसीलदार, १९९८ साली सुरुवात झाली तिथेच. कलम ३२-ग खाली जमिनीची किंमत ठरली. कायद्याप्रमाणे ती आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, २० ते २०० पट असते, विहीर आणि झाडांचे पैसे वेगळे. आमच्या गटाचा आकार ४ रुपये ८५ पैसे. दोनशे पट म्हणजे ९७० रुपये. अर्धी विहीर आणि दोन आंबे धरून २,३७० झाले. चलन भरताना मी मागच्या खर्चाची वही काढली. एकट्या दिल्लीचा हिशेब असा : बुडालेले २५,०००, याचिकेचा मसुदा आणि दाखल करणं ९०,०००, चार सुनावण्यांचे ६०,०००, भाषांतर आणि मोडी २१,०००, छपाई व झेरॉक्स ११,५००, प्रवास आणि लॉज ३८,००० च्या आसपास. कोर्ट फी यात शोधावी लागते इतकी किरकोळ.

एक गोष्ट फार उशिरा कळली, तुम्हाला आधी कळू दे. सर्वोच्च न्यायालयाची स्वतःची विधी सेवा समिती आहे, ती मोफत वकील देते. १९८७च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग यांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. प्रतिवादी होणाऱ्यालाही मिळते. आमच्या याचिकेत आप्पांच्या दोन बहिणींची नावं सहवादी म्हणून पहिल्यापासून होती. कोणी सांगितलं असतं, तर निदान विचारून बघितलं असतं.

आणि निकाल वाचायचा असेल तर इंग्रजीला घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर बऱ्याच निकालांची मराठी भाषांतरं आता मोफत मिळतात. यंत्राने केलेली आणि माणसाने तपासलेली असतात, थोडी खडबडीत आहेत. पण 'कूळ' तिथे कूळच आहे.

कलम ३२-म चं खरेदीचं प्रमाणपत्र जानेवारी २०२५ मध्ये हातात आलं. तलाठ्याने फेरफार धरला, पंधरा दिवसांची नोटीस लागली, हरकत आली नाही, मंडल अधिकाऱ्यांनी मंजूर केला. ११ मार्चला सातबारा काढून आणला. आप्पा आता ८३ वर्षांचे आहेत, चष्मा लावून त्यांनी तो उन्हात धरला. कब्जेदार सदरी त्यांचं नाव, दोन्ही आत्यांची नावं. इतर हक्कात "कलम ४३ च्या बंधनास पात्र", म्हणजे परवानगीशिवाय विकता येणार नाही. विकायची कोणाला आहे.

बराच वेळ बघून त्यांनी कागद माझ्याकडे दिला आणि बोट ठेवलं. आजोबांचं नाव ज्ञानू. सातबाऱ्यावर आप्पांच्या नावापुढे वडिलांचं नाव आलंय धानू.

लेखनप्रमादाची दुरुस्ती कलम १५५ खाली होते, अर्ज तहसीलदारांकडे करायचा. सोमवारी जातेय.